आपल्या खाडीची झाडे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आजवर ह्या मंडळात मी सतरंज्या घातल्या, पोहे केले, वाणाच्या पुड्या बांधल्या. पण टेबलामागे उभे राहण्याची वेळ आली नव्हती. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "येत्या पावसाळ्यात मंडळातर्फे खाडीवर पाचशे झाडे लावायची आहेत. तुमचे माहेर खाडीकाठचे. तेव्हा तुम्हीच दोन शब्द सांगा." मी हो म्हटले खरे, पण मग चार दिवस नीट झोप लागली नाही. कारण सांगायचे तर सगळेच सांगायला हवे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती मी ओघाने सांगेनच. आधी झाडांची ओळख करून देते.

माझे माहेर नायगावच्या बाजूचे. वडील मिठागरावर मजुरी करीत. आई खाडीत चिंबोऱ्या धरी, कालवे फोडी आणि येताना सरपणाची मोळी आणी. मी तिच्याबरोबर जात असे. आमच्या घरी घड्याळ होते, पण खाडीवर जायचे ते तिथी पाहून. आईने मला लहानपणी शिकवलेला हिशेब तुम्हालाही सांगते. जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची अदमासे वेळ निघते. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. पुनवेला आणि अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारी बाराच्या आसपास आणि पुन्हा मध्यरात्री. ह्या दोन दिवसांच्या मागेपुढे मोठी भरती येते, तिला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास पाणी थोडेच चढते, तिला भांगाची भरती म्हणतात.

हा हिशेब मी उगीच सांगत नाही. खाडीतली झाडे ह्याच हिशेबावर जगतात. कोणत्या झाडाच्या मुळाशी दिवसातून दोनदा पाणी येते आणि कोणाच्या मुळाशी फक्त उधाणाला, ह्यावर त्याची जागा ठरते. आपण लोकलने जाताना नायगावच्या पुढे भाईंदरचा पूल लागतो, मध्ये पाणजू बेट दिसते, दोन्ही काठांना हिरवीगार झाडी दिसते. आपल्याला ते सगळे एकच जंगल वाटते. आपण म्हणतो, "तिवरे आहेत ती." पण त्या हिरव्या रंगात ओळी आहेत. एखाद्या जुन्या घरात जसे अंगण, मग ओटी, मग माजघर आणि शेवटी परसू, तसे खाडीचेही घर आहे. त्या घरात तुम्हाला क्रमाने घेऊन जाते.

पाण्याच्या अगदी काठाशी खाडीचे अंगण. तिथे भरती रोज दोनदा येते आणि चिखल कमरेइतका मऊ असतो. साधे झाड तिथे उभेच राहणार नाही. तिथे कांदळ उभा राहतो. त्याच्या खोडापासून कमानीसारखी मुळे निघून चिखलात रोवलेली असतात, जणू एखाद्या म्हाताऱ्याने चहूबाजूंनी काठ्या टेकल्या आहेत. पाने जाड, काळपट हिरवी, टोकाला सुईसारखे अणकुचीदार. त्याला हातभर लांबीच्या हिरव्या काठ्या लोंबतात. आपण त्यांना शेंगा म्हणतो, पण त्या शेंगा नव्हेत. ते कांदळाचे रोप आहे. बी झाडावरच रुजते आणि आईच्या अंगाखांद्यावर महिनोन् महिने वाढते. चांगले मोठे झाल्यावर खाली पडते. ओहोटी असेल तर तिथेच चिखलात रुतते, भरती असेल तर तरंगत दुसऱ्या काठाला जाते. मी लहान असताना आईला विचारले होते की हे झाड आपले मूल एवढे दिवस सोडत का नाही. ती म्हणाली, "खाऱ्या पाण्यात सोडायचं, तर अंगात बळ आल्याशिवाय कशी सोडील?" पुढे माझी थोरली लेक कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकू लागली. तिने पुस्तकात पाहून सांगितले की कारण साधारण हेच आहे.

ह्याच अंगणात दुसरे झाड चिपीचे. पांढरी चिपी दक्षिण कोकणच्या खाड्यांत अधिक. तिचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि सकाळपर्यंत गळते. रात्री वटवाघळे आणि पतंग त्यावर येतात. फळ लहानशा पेरूएवढे, खाली चांदणीसारखी टोपी. महाराष्ट्र सरकारने २०२० साली ह्याच पांढऱ्या चिपीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. जसा आंबा राज्याचा वृक्ष आणि हरियाल राज्यपक्षी, तशी ही चिपी. आपल्या देशात असा मान देणारे आपले राज्य पहिलेच. चिपीची एक बहीण नदीच्या वरच्या अंगाला, जिथे गोडे पाणी मिसळते तिथे वाढते.

अंगणातून वर आलो की ओटी. ही ओटी तिवराची, आणि आपल्या वसई-विरारच्या खाडीत तिवराचेच राज्य आहे. पानाची वरची बाजू हिरवी, खालची राखाडी पांढरी. झाडाभोवती चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी शेकडो मुळे वर आलेली असतात. लहानपणी अनवाणी पायाला ती टोचली म्हणजे आम्ही तिवराला शिव्या देत असू. पण ते तिवराचे नाक आहे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड आपली मुळे वर काढून श्वास घेते. भरतीला ती मुळे बुडतात, ओहोटीला उघडी पडतात, तेव्हा झाड हवा भरून घेते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

तिवराचे पान तोडून जिभेला लावून पाहा, खारट लागेल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. एवढे मीठ आपण डाळीत घातले तर घरचे ताटावरून उठतील. तिवर ते पाणी पितो आणि जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हात त्या पानांवर मिठाचे कण चमकतात. कांदळाची रीत वेगळी. तो नव्वद टक्क्यांहून अधिक मीठ मुळाशीच अडवतो, आत घेतच नाही. दोन्ही घरे नीट चालतात, फक्त पद्धत वेगळी. आणखी एक गंमत लेकीने सांगितली. तिवराचे शास्त्रातले नाव अ‍ॅव्हिसेनिया. हजार वर्षांपूर्वी इब्न सिना नावाचे मोठे वैद्य होऊन गेले, त्यांच्या नावावरून ते ठेवले आहे. आपण ज्याला चुलीत घातले, त्याला वैद्याचे नाव!

ओटीच्या मागे माजघर. इथे रोजची भरती थोडकीच पोचते. इथे झुंबर असते, त्याची मुळे चिखलातून गुडघा वर काढल्यासारखी. जिथे ओढ्याचे गोडे पाणी येऊन मिळते तिथे काजळा. त्याला पांढऱ्या फुलांचे झुपके आणि हिरव्या मिरचीसारखी वाकडी फळे येतात. कडेला, मोकळी जागा सापडली की मारांडी पसरते. पानांना काटे, फूल जांभळट निळे. तिच्यातून चालताना साडी फाटलेली मला आठवते.

आणि शेवटी परसू. इथे फक्त उधाणाचे पाणी येते. इथे हुरी, तिलाच कोणी गेवा म्हणतात. तिची पाने गळण्याआधी लाल होतात, दिसायला फार सुरेख. पण पान तोडले की पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. पोराबाळांना तिच्यापासून दूर ठेवा. इथेच पिलूचे झाड, ज्याच्या काड्या दातवणाला वापरतात. जमिनीलगत धापा आणि मोरस. मोरस इतकी खारट, की आमच्याकडे तिची भाजी करताना आधी उकडून पाणी टाकून देत आणि वर मीठ घालीत नसत.

नावांबद्दल एक सांगते. एका गावात जे कांदळ, ते दुसऱ्या गावात दुसरेच झाड असते. म्हणून नावावरून वाद घालू नका, मुळे आणि पाने पाहा. आणि ह्या ओळी पाटीवर आखल्यासारख्या सरळही नसतात. नवा गाळ पडला की सगळ्यांत आधी तिवर येतो, अगदी अंगणातसुद्धा. पण साधारण क्रम हा असा.

आता एक प्रश्न विचारते. सांगा पाहू, ह्या चार जागांपैकी सर्वांत खारट जमीन कोणती? तुम्ही म्हणाल, समुद्राजवळची. मलाही तसेच वाटायला हवे होते, पण मी मिठागरवाल्याची मुलगी. मिठागरात काय करतात? उधाणाचे पाणी वाफ्यात घेतात, कोंडतात आणि उन्हात आटवतात. दूध आटवले की जसे गोड होते, तसे ते पाणी आटून आटून खारट होते आणि मीठ धरते. खाडीच्या परसात हेच होते. तिथे पाणी पंधरा दिवसांतून एकदा येते, आणि मधल्या दिवसांत ऊन ते आटवते. फाल्गुन-चैत्रात तिथे जमिनीवर पांढरा पापुद्रा दिसतो. अंगणातली जमीन रोज दोनदा धुतली जाते, म्हणून ती परसापेक्षा कमी खारट. तेच तिवराचे झाड पाण्याजवळ दोन-तीन पुरुष उंच होते, आणि मागे खारवट जमिनीत कमरेइतके खुरटते. जात तीच, जागा वेगळी.

भगिनींनो, आता आपल्या मंडळाच्या गोष्टीकडे येते. तीन वर्षांपूर्वी आपण मिठागराच्या बांधाच्या आतल्या मोकळ्या जागेत कांदळाच्या शंभर शेंगा लावल्या होत्या. फोटो काढले, लाडू वाटले. दिवाळीला गेलो तर दोनच काड्या उभ्या होत्या, आणि शिमग्याला त्याही नव्हत्या. कोणी म्हणाले बकऱ्यांनी खाल्ल्या, कोणी म्हणाले शेंगाच कच्च्या होत्या. मी तेव्हा गप्प बसले, कारण शेंगा खोचताना माझ्याही मनात आले होते की ही जागा कांदळाची नव्हे. आपण अंगणातल्या झाडाला परसात नेऊन बसवले होते. रोज दोनदा पाणी पिणाऱ्याला पंधरा दिवसांनी एकदा पाणी, तेही आटवलेले. ते जगणार कसे? पण एवढ्या शिकलेल्या बायकांपुढे मी काय बोलू, असे वाटले. ती माझी पहिली चूक.

ही चूक आपणच केली असे नाही. फिलिपाईन्स देशात वर्षानुवर्षे लाखो कांदळ लावले, आणि चुकीच्या जागी लावल्यामुळे त्यांतले बहुतेक मेले, हे तिथल्याच अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. अमेरिकेत फ्लोरिडाला रॉबिन लुईस नावाचे गृहस्थ ह्या कामात आयुष्यभर होते. त्यांचे सांगणे असे की आधी भरतीच्या पाण्याची वाट नीट करा. पाणी नीट झाले की बी आपोआप येते, लावावे लागत नाही. लेकीने हे वाचून दाखवले तेव्हा मी तिला म्हटले, "अगं, हे तर रस्त्याच्या पलीकडे आपल्या डोळ्यांसमोरच घडलंय." तुम्ही पाहिले असेल. रस्त्याच्या ज्या बाजूला मोरी मोकळी आहे, तिथे कोणी एक झाड लावले नाही, तरी पाच-सहा वर्षांत माणसाएवढे तिवर उभे राहिले. पावसाळ्यात तिवराचे बी पिकते, पावट्याच्या दाण्याएवढे, चपटे. त्याच वेळी पावसाने जमिनीचे मीठ धुतलेले असते. भरती बी घेऊन येते आणि जिथे त्याची जागा तिथे ठेवून जाते. आणि रस्त्याच्या आपल्या बाजूला, जिथे आपण शंभर शेंगा लावल्या, तिथली मोरी तुंबलेली आहे.

ती कशाने तुंबली, ते आता सांगते. हीच ती गोष्ट, जिच्यामुळे मला झोप आली नाही.

२०१८ सालचा जुलै आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. ९ आणि १० तारखेला पाऊस थांबेना. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, मिठागरातली माणसे घरांच्या छपरांवर जाऊन बसली. आमची खोली तळमजल्याची. गुडघाभर पाणी तीन दिवस घरात होते. पिठाचे डबे, मुलीची पुस्तके, सासूबाईंचा लाकडी देव्हारा, सगळे त्या पाण्यात. तेव्हा अवस तीन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाकडे चाललेले दिवस. वरून पाऊस, खालून चढती भरती. पावसाचे पाणी खाडीत उतरायचे तर ओहोटीची वाट पाहायची, आणि तोवर त्याने थांबायचे कुठे? पूर्वी ते खाजणात थांबे. आपली वसई दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आणि उत्तरेला वैतरणा, ह्या दोघींच्या मध्ये बसलेली आहे. एके काळी खाडीवाटे गलबते थेट सोपाऱ्याच्या बंदरात जात, इतके पाणी ह्या भूमीत आतवर खेळत होते. ते थांबण्याचे ठिकाण आपण भराव घालून बुजवले. आमची इमारतही तशाच भरावावर आहे. खोली घेताना आम्ही विचारले नाही. स्वस्त मिळाली, स्टेशन जवळ, एवढेच पाहिले.

पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघराची फरशी उखडली होती. दिवाळीपूर्वी आम्ही ती काढून नवी बसवली. जुनी फरशी पांढरी, तिच्यावर निळी फुले होती. मी ती लग्नानंतर हौसेने निवडली होती. मजूर विचारू लागला, "बाई, राबिट कुठे टाकू?" मी म्हटले, "कुठेही टाक बाबा, फक्त जिन्याखाली ठेवू नकोस." आणि टेंपोचे पैसे दिले. मला वाटले, काम झाले.

पुढच्या वर्षी गौरीचे निर्माल्य घेऊन मी त्या मोरीशी गेले. निर्माल्यही खाडीत टाकू नये हे आता कळते, पण तेव्हा गेले. मोरीच्या तोंडाशी राबिटाचा ढीग, आणि त्या ढिगात माझी निळी फुले. मी वाकून तुकडा उचलला. त्याखाली तिवराची ती पेन्सिलीसारखी मुळे मोडून चेपली गेली होती. वर झाड वाळून उभे होते. त्याचे नाक आम्ही दाबले होते. ज्या पुराने माझे घर भरले, त्याच पुराची वाट मी स्वतःच्या हाताने बुजवली, आणि वर पैसे देऊन बुजवली. त्या ढिगात एकट्या माझ्याच घरचे राबिट होते असे नाही. पण माझे होते. तो तुकडा मी घरी आणला आणि ओट्याखाली ठेवला. घरात कोणाला सांगितले नाही. आज पहिल्यांदा सांगत आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल, बाई, झाडांनी पूर थांबतो का? खरे तेच बोलावे. पावसाचा पूर झाडांनी थांबत नाही. पण झाडे जिथे उभी आहेत ती जागा मोकळी राहते, आणि ती जागा पाणी धरते. लाटांचा जोर मात्र झाडे नक्की मोडतात. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनाच्या मागे असलेल्या गावांचे नुकसान उघड्या किनाऱ्यावरच्या गावांपेक्षा पुष्कळ कमी झाले, असे पाहणी करणाऱ्यांनी लिहिले आहे. मुळे गाळ धरतात, म्हणून काठ ढासळत नाही. आणि आपल्या ताटाकडे पाहा. कोळंबी, बोय, जिताडा, चिंबोरी ह्यांची पिल्ले ह्याच मुळांच्या आडोशाने वाढतात. निवट्या तर ह्या चिखलाबाहेर जगतच नाहीत. आई म्हणे, "तिवर तोडलं तर पुढल्या वर्षीची कोळंबी तोडली." ती सरपण नेई ते वाळलेल्या फांद्यांचे. ओले झाड तोडताना मी तिला पाहिले नाही.

कायदाही आता झाडांच्या बाजूने आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर कांदळवनाची तोड आणि त्यात भराव घालणे थांबवण्याचा हुकूम दिला, आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल देऊन सांगितले की कांदळवन नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कालाच बाध आणणे होय. झाडांच्या भोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकामालाही त्यात मनाई आहे. राज्याच्या वनखात्यात २०१२ पासून ह्या कामासाठी वेगळा कांदळवन कक्ष आहे. अख्ख्या महाराष्ट्रात कांदळवन आता तीनशे चौरस किलोमीटरहून थोडे अधिक, एवढेच आहे. तेव्हा आपल्या दाराशी असलेला तुकडा लहान म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

अध्यक्षाबाई, मी आता माझे म्हणणे मांडते. पाचशे शेंगांचा ठराव झाला आहे हे मला ठाऊक आहे. वर्गणीही जमली आहे. त्या ठरावाला विरोध करते असे कृपा करून समजू नका. पण त्याच जागेत पाचशे शेंगा लावल्या तर पाचशे मरतील. शंभर लाडू वाटले होते, ह्या वेळी पाचशे वाटू, एवढाच फरक. माझी विनंती अशी की ह्या वर्षी आपण एकही झाड लावू नये. त्या वर्गणीतून आणि आपल्या हातांनी मोरी मोकळी करावी.

हे काम आपल्या मनाने करायचे नाही. महापालिकेला आणि कांदळवन कक्षाला रीतसर अर्ज द्यायचा आणि त्यांची माणसे बरोबर घ्यायची, कारण खाजणात खणणे-उकरणे हे परवानगीशिवाय गुन्हा ठरू शकते. ओहोटीच्या वेळी जायचे. वेळ कशी काढायची ते आता तुम्हाला येतेच. प्लास्टिक आणि राबिट हातांनी उचलून वर आणायचे, मुळांवर पाय द्यायचा नाही. एवढे झाले आणि भरती आत खेळू लागली, तर श्रावणानंतर तिथे जाऊन नुसते पाहायचे. मोरीजवळ जिथे रोज पाणी येईल तिथे तिवराचे दोन पानांचे कोंब दिसतील. मागे मोरस हिरवी होईल. जे येणार नाही त्याची ती जागाच नव्हती असे समजावे. आणि जर दोन पावसाळ्यांत काहीच आले नाही, तर मग जाणत्यांना विचारून, ज्या ओळीत जे झाड, ते लावावे.

दुसरी विनंती घरातली. आपल्यापैकी कोणाच्याही घरी काम निघाले, फरशी फुटली, भिंत पाडली, तर मजुराला विचारा की हे कुठे नेणार. "कुठेही टाक" हे दोन शब्द मी उच्चारले, तुम्ही उच्चारू नका. महापालिकेच्या ठरलेल्या ठिकाणी नेण्याचे पैसे थोडे जास्त पडतील. ते द्या. घरातली मोरी तुंबली तर आपण एक दिवस थांबत नाही, हातात काठी घेऊन बसतो. ही गावाची मोरी आहे.

तिसरी विनंती लहान आहे. पुढच्या पुनवेला दुपारी भरती ओसरू लागली की, तीन-चारच्या सुमारास, मुलांना घेऊन खाडीवर चला. मी येईन. कांदळ कोणता, तिवर कोणता, हुरीला हात का लावायचा नाही, हे दाखवीन. तिवराचे पान चाखायला देईन. जे पोर एकदा ते पान चाखेल ते त्यावर राबिट टाकणार नाही, अशी माझी समजूत आहे.

माझी आई आता नाही. शेवटच्या आजारात तिला भाईंदरला दवाखान्यात नेत असू, तेव्हा ती लोकलच्या खिडकीशी बसे आणि पूल आला की पाण्याकडे पाहून सांगे, "अजून घटकाभर आहे ओहोटीला." एकदाही चुकली नाही. तिने मला झाडांची जागा ओळखायला शिकवले, आणि मी ते शिकून गप्प बसले. ह्यापुढे बसणार नाही, म्हणून आज उभी राहिले.

तो फरशीचा तुकडा मी आज पिशवीतून आणला आहे. इथे टेबलावर ठेवते. मोरी साफ करायच्या दिवशी उरलेले तुकडे मीच वेचीन, ते काम दुसऱ्या कोणी करू नये.

बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर आपली समजून पदरात घ्या.